नवीन पीसी, डिस्कही बदलून झाली, तरी डिस्क एरर थांबेनात

ओसाड_डेस्कटॉप

मंडळी, मदत हवीये. पहिल्यांदाच स्वतः सुटे भाग आणून पीसी जोडला, पहिल्या झटक्यात बूट झाला, विंडोज ११ टाकलं, सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं आणि मग जुन्या एक्स्टर्नल डिस्कवरचे फोटो-व्हिडिओ नवीन हार्डडिस्कवर टाकायला घेतले तर कॉपी मध्येच शून्यावर येऊन बसते, बराच वेळ तशीच, माऊस हलतो पण फोल्डर उघडत नाही, आणि मग जणू काही झालंच नाही अशी परत पळायला लागते.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची एररची नोंदवही) उघडलं तर पिवळ्या त्रिकोणांची रांग. स्टोरएएचसीआय १२९, रेडपोर्ट० ला रीसेट दिला म्हणतोय. त्याच्याच आगेमागे डिस्क १५३, म्हणजे अमुक ब्लॉकवरचं काम परत करावं लागलं. डिस्कच फॉल्टी आली असं वाटून बदलून घेतली. त्यांनी काही खळखळ न करता दिली बदलून. दुसरी लावली, सुरुवातीला बरी चालली, आता पुन्हा तेच रडगाणं.

वर आणि सी ड्राइव्हवर, म्हणजे एनव्हीएमईवर (बोर्डवरच थेट बसणारी एसएसडी), एनटीएफएस ५५ ची लाल एरर आलीये. फाइल सिस्टीमचं स्ट्रक्चर खराब झालंय म्हणे. दोन्ही डिस्क एकदम खराब निघतील असं पटत नाहीये.

कॉन्फिग: रायझेन ७००० मालिकेतला प्रोसेसर, बी६५० बोर्ड, डीडीआर५-६००० च्या १६ जीबीच्या चार स्टिक, एक्सपो (रॅम पाकिटावरच्या वेगाने पळवायची बायोसमधली सेटिंग) चालू, १ टीबी एनव्हीएमई, ४ टीबीची साडेतीन इंची साटा (केबलने बोर्डला जोडायची) हार्डडिस्क, ७५० वॉटचा मॉड्युलर पॉवर सप्लाय.

चेकडिस्क /आर (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारू का?

शेवटचा_बाक

विंडोज ११. निदान संपलं. पुढचा पेशंट.

(ह. घ्या. हो, पण मी अजून १० वर आहे आणि झोप छान लागते.)

मूषकराज

चेकडिस्क /आर लगेच मारा. रात्री लावून झोपा, सकाळपर्यंत होतं. माझ्या लॅपटॉपला असंच झालं होतं, त्यानंतर व्यवस्थित.

सातवी_पिन

थांबा थांबा, आत्ता काहीही मारू नका. चेकडिस्क डिस्कवर लिहितं. एरर कुठून येतेय ते कळायच्या आत लिहायला लावलं तर दुरुस्तीऐवजी बिघाडाचीच शक्यता जास्त.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि हार्डडिस्कच्या पानावरचे हे आकडे इथे द्या: ०५, सी५, सी६, सी७, शिवाय ०सी आणि सी०. एनव्हीएमईच्या पानावर 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' किती आहे तेही सांगा. हिरवं 'गुड' लिहिलंय की नाही ते नकोय मला, कारण ते बऱ्याचदा गुडच असतं.

आणि ती जुनी एक्स्टर्नल डिस्क. तिच्यावरचं काहीही पुसू नका प्लीज.

कोरडी_शाई

शेवटच्या ओळीला दहा वेळा +१. कॉपी झाली म्हणून मूळ पुसून बसलेली माणसं बघितली आहेत मी. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, मलाही येत्या काळात पीसी जोडायचाय.

ओसाड_डेस्कटॉप

घ्या आकडे. हार्डडिस्क:

०१ : हा मोठाच्या मोठा आकडा आहे, सगळी अक्षरं मिसळलेली, बघून पोटात गोळाच आला
०५ : ०
०सी : १५
सी० : ३
सी५ : ०
सी६ : ०
सी७ : १एफ४

एनव्हीएमई: मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स ०, हेल्थ १०० टक्के, स्पेअर १०० टक्के.

जुनी डिस्क जशीच्या तशी आहे, हात लावलेला नाही. सी७ मध्ये एफ कुठून आला, काही कळेना.

मूषकराज

०१ म्हणजे रॉ रीड एरर रेट ना? मोठा आकडा असेल तर डिस्क गेली. परत बदलून घ्या.

सातवी_पिन

नाही हो मूषकराज. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ चे कच्चे आकडे पहिल्या दिवसापासून असेच भलेमोठे दिसतात, कारण एकूण किती वाचलं तो आकडाही त्यातच गुंफलेला असतो. त्याला घाबरून बऱ्याच धडधाकट डिस्क परत गेल्या असतील.

आता एफचं. क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे मुळात हेक्समध्ये (१६ वर आधारलेली मोजणी, ९ नंतर ए ते एफ) दाखवतं. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूजला १० निवडा म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यात दिसेल. १एफ४ म्हणजे ५००. आणि सी७ म्हणजेच १९९ नंबरचा ॲट्रिब्यूट, कुठे '१९९' वाचलंत तर तो हाच.

०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघत बसलेले. सी६ म्हणजे तपासणीतही वाचता न आलेले. तिन्ही शून्य, म्हणजे तबकडी आणि हेड आपलं काम नीट करतायत. सी७ ची गोष्ट वेगळी. साटावर बोर्ड आणि डिस्क यांच्यामध्ये जी फ्रेम जाते तिच्या शेपटीला ३२ बिटांचा सीआरसी (चूक पकडायला काढलेला ताळ्याचा आकडा) असतो, पलीकडे पोचल्यावर तो जुळला नाही की फ्रेम फेकून परत मागवतात आणि हा काउंटर एकाने वाढतो. म्हणजे माल गोदामातून नीट निघाला, रस्त्यात सांडला.

माझ्या मते यात सगळ्यात बोलका पुरावा तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे. डिस्क बदलली तरी तेच. कोऱ्या डिस्कचा काउंटर शून्यावरून निघून ५०० वर गेला. मग दोन्ही वेळा काय तेच राहिलं? डेटा केबल, पॉवरची केबल, बोर्डवरचा पोर्ट. केबल बदलली होती का?

ओसाड_डेस्कटॉप

केबल तीच. बोर्डच्या खोक्यातली आहे, कोरी करकरीत. कोरी केबल कशी खराब असेल?

जुनी_रिबन

कोरी केबलच जास्त खराब असते, जुनी निदान टिकलेली तरी असते.

आमच्या वेळी आयडीईच्या (साटाच्या आधीची डिस्क जोडणी) चपट्या पट्ट्या असायच्या. यूडीएमए ६६ आल्यावर त्याच रुंदीत ८० तारा बसवल्या, एक आड एक नुसती अर्थ, कारण ४० तारांत शेजारची तार शेजारच्या तारेत गोंगाट करायची. सी७ च्या नावात (यूडीएमए सीआरसी एरर काउंट) यूडीएमए दिसतं ते तेव्हापासूनचं, तुमची डिस्क साटा आहे म्हणून गोंधळून जाऊ नका.

साटात डेटाच्या पिना फक्त सात, पण ६ गिगाबिटने धावतात. केबल कनेक्टरच्या अगदी मुळाशी काटकोनात दुमडली की आतली जोडी चेपते. बाहेरून काहीही दिसत नाही. कॅबिनेटचा फोटो टाका, मागच्या बाजूचा. समोरचा आरजीबीचा नको, तो सगळेच टाकतात.

मूषकराज

पॉवर सप्लाय पण असू शकतो. ५ व्होल्ट खाली येत असेल.

सातवी_पिन

असू शकतो, म्हणूनच ०सी आणि सी० मागितले होते. ०सी म्हणजे डिस्कला वीज किती वेळा मिळाली, सी० म्हणजे किती वेळा वीज गेल्यामुळे हेड घाईत पार्क करावं लागलं. पीसी चालू असताना, मध्ये बंद-चालू न करता, कॉपी अडकायच्या आधी आणि नंतर हे दोन आकडे बघा. वाढले तर वीज तुटतेय. नुसता सी७ वाढला तर डेटाचीच बाजू.

मॉड्युलर सप्लाय आहे म्हणून एक सांगून ठेवते, ड्रॉवरमध्ये जुन्या सप्लायची साटा पॉवर केबल पडली असेल आणि ती यात बसत असेल तरी लावू नका. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायच्या बाजूचं ज्याचं त्याचं वेगळं. ५ व्होल्टच्या पिनवर १२ आले की डिस्क जागच्या जागी खलास, धूर वगैरे काही न काढता.

ओसाड_डेस्कटॉप

फोटो डकवलाय. आणि कॉपी लावून बघितलं: ०सी जैसे थे, सी० जैसे थे, सी७ आता २०बी.

जुनी_रिबन

२०बी म्हणजे ५२३. एका कॉपीत २३ ने वाढला.

फोटो बघितला. डिस्कचा ट्रे मागच्या पत्र्याला जवळजवळ टेकलाय आणि तुम्ही सरळ तोंडाची केबल लावली आहे, तिला बाहेर यायला जागाच नाही, पत्रा बंद केला की ती दाबून आडवी होत असणार. फोटोतच कनेक्टर एका बाजूला किंचित वर उचललेला दिसतोय, डावीकडे फट बघा. त्यात वरून झिपटायने २४ पिनच्या जाडजूड केबलबरोबर करकचून बांधली आहे. बांधणी सुंदर झालीये यात वाद नाही.

काटकोनी तोंडाची, क्लिपवाली केबल घ्या, शक्य तितकी आखूड, मोकळी सोडा. बोर्डवरचा पोर्टही बदला. पण मॅन्युअल बघून बदला, बऱ्याच बोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये काही लावलं की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात, मग डिस्क दिसत नाही म्हणून नवीन धागा काढाल.

शेवटचा_बाक

केबल बांधायची नाही तर मग काचेचं कॅबिनेट घ्यायचं कशाला, असा मूलभूत प्रश्न उपस्थित होतो.

मूषकराज

पोर्ट म्हटल्यावर आठवलं, इंटेलच्या एका चिपसेटमध्ये पोर्टच खराब होते ना? मग हा बोर्ड पण तसाच असेल.

जुनी_रिबन

ते २०११ च्या जानेवारीअखेरचं. सँडी ब्रिजबरोबर आलेले ६ सिरीज चिपसेट. ३ गिगाबिटवाले साटा पोर्ट कालांतराने कमजोर होत जायचे, ६ गिगाबिटवाले दोन ठणठणीत होते, इंटेलने स्वतःच जाहीर करून सुधारित बी३ स्टेपिंग (चिपची दुरुस्त आवृत्ती) काढलं. त्याचा या बोर्डाशी काही संबंध नाही. पण लोकांनी तेव्हाही आधी डिस्कच बदलल्या होत्या, एवढं खरं.

बिट_बाय_बिट

उशिरा आलो. सी७ बद्दल वर जे लिहिलंय त्याला अनुमोदन, पण मंडळी एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. एनटीएफएस ५५ कुठे आली? सी ड्राइव्हवर. सी ड्राइव्ह एनव्हीएमई आहे, त्याला केबलच नाही. हार्डडिस्कची केबल बदलून एनव्हीएमईची फाइल सिस्टीम कशी सुधारणार?

एनव्हीएमई स्वतः सांगतोय मीडिया एरर शून्य. म्हणजे त्याला जे लिहायला दिलं ते त्याने इमानेइतबारे लिहिलं आणि तेच परत वाचून दिलं. मग चुकीचं स्ट्रक्चर आलं कुठून? त्याला लिहायलाच चुकीचं दिलं असणार. आणि डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी रॅममध्ये असते.

चार स्टिक, सहा हजार, एक्सपो चालू. मी पहिली पोस्ट वाचतानाच इथे अडखळलो.

ओसाड, आणखी काही विचित्र होतंय का? ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळणं, मोठी झिप उघडताना सीआरसी फेल, इन्स्टॉलर मध्येच फाइल करप्ट म्हणणं?

ओसाड_डेस्कटॉप

टॅब कोसळतात. मी एक्स्टेन्शनला दोष देत होतो. एक मोठी झिप सेव्हन-झिपने उघडताना सीआरसी फेल आलं होतं, पण तीच परत उघडली तर उघडली, म्हणून सोडून दिलं.

पण रॅम ६००० चीच आहे, पाकिटावर लिहिलंय. आणि डीडीआर५ मध्ये ईसीसी, म्हणजे चुका आपोआप दुरुस्त करायची सोय, असते ना आतच? मग रॅम चुकेल कशी?

बिट_बाय_बिट

'तीच परत उघडली तर उघडली' हे वाक्य फ्रेम करून लावा. खराब झिप कधी परत उघडत नाही हो. फाइल चांगली होती, वाचताना वाट लागली.

ईसीसीचं: डीडीआर५ च्या चिपच्या पोटात जे ईसीसी आहे ते फक्त चिपमध्ये साठवलेल्या बिटांपुरतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात बिट उलटला तर त्याला पत्ताही नसतो. त्यासाठी वेगळी ईसीसी स्टिक लागते, जास्तीच्या चिपवाली, आणि तिला सपोर्ट करणारा बोर्ड. आणि चार स्टिक जोरात पळवताना गडबड होते ती नेमकी या प्रवासातच.

पाकिटावर ६००० लिहिलंय ते त्या किटला उद्देशून. तुमच्या चार स्टिक एकाच पाकिटातल्या की दोन-दोनची दोन पाकिटं? रायझेन ७००० साठी एएमडीचा स्वतःचा अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. हो, छत्तीसशे. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉक, एक्सपो नावाचं बटण दाबून केलं तरी. चाललं तर चाललं, अनेकांचं चालतंही, पण विंडोज बूट झालं म्हणजे रॅम पास झाली असं नसतं.

तपासायचं असं: एखादी मोठी व्हिडिओ फाइल घ्या, पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालवा, परत परत. फाइलच्या मजकुरावरून एसएचए२५६ हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसाच, काढून देतं. एका फाइलचा हॅश दर वेळी तोच यायला हवा, एक अक्षर इकडेतिकडे नाही.

ओसाड_डेस्कटॉप

दोन पाकिटं. आधी एक घेतलं, मग व्हिडिओ एडिटिंगला कमी पडेल असं वाटून त्याच मॉडेलचं दुसरं.

हॅश काढला, परत परत तोच आला. म्हणजे रॅम बरी आहे ना? ८ जीबीची फाइल घेतली होती.

बिट_बाय_बिट

८ जीबीची फाइल आणि ६४ जीबी रॅम! पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून आली, त्यानंतर विंडोजने ती रॅममधल्या कॅशेतूनच वाचून दाखवली. पहिल्या वाचनातच चुकीची आली असेल तर तीच चूक दर वेळी जशीच्या तशी, आणि हॅशही तोच. आता रीस्टार्ट करा, फास्ट स्टार्टअपच्या भानगडीत न पडता सरळ रीस्टार्टच, आणि परत काढा. त्यापेक्षा बरं म्हणजे रॅमहून मोठं, शंभरेक जीबीचं फोल्डर घ्या, सगळ्या फाइलींचे हॅश एका यादीत काढा, रीस्टार्ट, परत यादी, आणि दोन याद्या ताडून बघा.

सातवी_पिन

हे कॅशेचं मस्त सांगितलंत. मीही इतकी वर्षं बिनधास्त लागोपाठ हॅश काढत आले आहे.

ओसाड_डेस्कटॉप

सविस्तर लिहितो.

केबल बदलली. काटकोनी, क्लिपवाली, पोर्टही दुसरा, झिपटाय कापला. सी७ २०बी वर थांबलाय. अख्खं व्हिडिओचं फोल्डर कॉपी केलं, एकदाही अडकलं नाही, १२९ नाही, १५३ नाही. जुनी_रिबन आणि सातवी_पिन ताई, दंडवत.

पण याद्या जुळल्या नाहीत. बहुतेक फाइली जुळतात, मोजक्या नाही, आणि रीस्टार्ट करून परत यादी काढली की न जुळणाऱ्या फाइली वेगळ्याच. हे बघून मात्र हात गार पडले. म्हणजे आत्तापर्यंत जे कॉपी केलं त्यातलं काय खरं आणि काय नाही?

शेवटचा_बाक

मी विनोद मागे घेतो. हे गंभीर आहे.

मूषकराज

आता तरी चेकडिस्क मारू द्या त्यांना :)

बिट_बाय_बिट

आता तर मुळीच नाही! चेकडिस्क फाइल सिस्टीमचे तक्ते रॅममध्ये ओढतं, तपासतं, चुकीचं वाटेल ते 'दुरुस्त' करून लिहितं. रॅमच खोटं बोलत असेल तर धडधाकट तक्ते चुकीचे ठरवून मोडून ठेवेल.

क्रम असा घ्या. बायोसमध्ये जाऊन एक्सपो बंद. सेव्ह करून बाहेर पडल्यावर स्क्रीन काळी राहील, एएम५ वर (तुमच्या रायझेनचं सॉकेट) रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डने रॅमशी वेळा जुळवून घेणं, परत होतं, चार स्टिक असतील तर मिनिटंच्या मिनिटं लागतात. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी, म्हणून घाबरून बटण दाबू नका. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) टाका, सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवर, म्हणजे हल्लीच्या बायोसवर, चालतं. आधी एक्सपो बंद ठेवून रात्रभर. स्वच्छ गेलं तर मग एक्सपो चालू करून परत, म्हणजे गुन्हेगार रंगेहाथ सापडेल. एक जरी एरर आली तरी नापास, इथे पस्तीस टक्क्यांना पास नाही.

एक्सपो बंद असूनही एरर आल्या तर एकेक स्टिक काढून तपासायची, कारण मग एखादी स्टिक मुळातच खराब.

जुनी_रिबन

एक लिहायचं राहिलं. मेमटेस्ट लाल झालं की लगेच स्टिक बदलायला धावू नका, आधी काढून सॉकेटमध्ये परत नीट बसवा, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत. हल्ली बऱ्याच बोर्डांना खालच्या बाजूला खटकाच नसतो, तिथे स्टिक अर्धवट बसते आणि बसल्यासारखी दिसते.

कोरडी_शाई

माझा एक बाळबोध प्रश्न. केबलमुळे ५०० वेळा चूक झाली, तर त्या वेळी कॉपी झालेल्या फाइली पण बिघडल्या का? की फक्त रॅमवाल्या?

सातवी_पिन

बाळबोध अजिबात नाही, खरं तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. केबलची चूक पकडली जाते. सी७ मध्ये मोजली गेली म्हणजेच फ्रेम नाकारली आणि परत मागवली. वेळ जातो, कॉपी अडकते, लॉग भरतो, पण शेवटी फाइल बहुतांशी बरोबरच उतरते. रॅमची चूक कुणीच पकडत नाही. बिट रॅममध्येच उलटला, त्यानंतर बोर्डने त्या उलट्या बिटासकट इमानदारीत सीआरसी काढला, सगळं जुळलं, कुठेही एक ओळ नाही. इतका आरडाओरडा करणारी हार्डडिस्क निर्दोष आणि काहीच न बोलणारी रॅम खरी घातक, असा प्रकार.

म्हणून ओसाड, नवीन हार्डडिस्कवर आत्तापर्यंत जे गेलंय ते सगळं संशयित धरा. मूळ एक्स्टर्नलवर आहेच. रॅम सुधारली की परत कॉपी करा आणि मग दोन्हीकडचे हॅश काढून ताडा. तारीख आणि साइझ बघून तुलना करणारी सॉफ्टवेअर इथे कामाची नाहीत, बिट उलटला तरी साइझ तीच राहते. आतला मजकूर ताडणारा पर्याय निवडा.

ओसाड_डेस्कटॉप

निकाल.

एक्सपो बंद, चार स्टिक, बायोस ३६०० दाखवतोय: मेमटेस्ट रात्रभर, एरर शून्य.
एक्सपो चालू, ६०००: पहिला पास पूर्ण व्हायच्या आत स्क्रीन लाल.
मग एका पाकिटाच्या दोनच स्टिक ठेवून एक्सपो: शून्य. दुसऱ्या पाकिटाच्या दोन ठेवून: शून्य. म्हणजे स्टिक चारही चांगल्या आहेत, फक्त चौघींचं एकत्र जमत नाही.

आता मला ६४ जीबी हवीच आहे, एडिटिंगला. ३६०० वर ठेवू की मधला काही आकडा, ४८०० वगैरे, जमवून बघू? व्होल्टेज वाढवून होईल का?

बिट_बाय_बिट

होईलही, पण जे काम तुम्ही करताय त्याला ३६०० आणि ४८०० मधला फरक जाणवेल तिथे जाणवेल, चुकलेला फोटो मात्र दहा वर्षांनी उघडाल तेव्हाच जाणवेल. मी तुमच्या जागी असतो तर ३६०० वर सोडून दिलं असतं, आणि पुढेमागे ३२ च्या दोन स्टिकचं एकच किट घेतलं असतं. ४८०० करायचंच असेल तर प्रत्येक बदलानंतर रात्रभर मेमटेस्ट, आणि बायोस अपडेट केलात तर त्यानंतर परत, कारण अपडेटमध्ये सेटिंग मूळपदावर जातात आणि ट्रेनिंगही नव्याने होतं.

विंडोज मात्र नव्याने टाका. एसएफसी स्कॅननाऊ सिस्टीमच्या फाइली दुरुस्त करेल, पण बाकी प्रोग्रॅम, रजिस्ट्री, ड्रायव्हर, यांत काय उलटलंय ते तो नाही सांगणार. आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हही परत बनवा, तो याच मशीनवर बनवला असेल तर.

ओसाड_डेस्कटॉप

याच मशीनवर नाही, लॅपटॉपवर बनवला होता. ३६०० वर ठेवलंय. विंडोज परत टाकतोय, एक्स्टर्नलवरून कॉपी सुरू केलीये, ती झाली की याद्या ताडून इथे कळवतो.

गारठा

धागा वाचून मीही लगेच क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. माझ्याकडे सी७ शून्य आहे, पण ०५ समोर ८ आणि सी५ समोर १० आहे, पिवळं 'कॉशन' दाखवतंय. स्क्रीनशॉट जोडलाय. केबल बदलू का?

सातवी_पिन

नाही, तुमची केस वेगळी आहे. तुमच्याकडेही आकडे हेक्समध्येच असतील, म्हणजे सी५ चे १० नाहीत, १६ आहेत. इथे तबकडीच कमी पडतेय. केबल, रॅम, विंडोज, कशालाही हात न लावता त्या डिस्कवरचं महत्त्वाचं आधी दुसरीकडे हलवा, जे नुसतं तुमच्याकडेच आहे ते सगळ्यात आधी, सिनेमे-गेम नंतर. एखाद्या फाइलवर कॉपी अडकून बसली तर तिच्याशी झटत बसू नका, वगळून पुढे जा. सगळं हलवून झालं की वेगळा धागा काढा, पूर्ण स्क्रीनशॉटसकट. आत्ताच्यात खालच्या ओळी कापल्या गेल्यात.